जन्माचा दाखला आणि जन्माची नोंद

जन्माचा दाखला ही एक नक्कल असते. मूळ असते ती नोंदवहीतली ओळ. बाळ ज्या हद्दीत जन्मले, तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाने ती आपल्या पुस्तकात लिहिलेली असते. कपाटातल्या फायलीत जपलेला, वादळात भिजलेला किंवा मुंबईत भाड्याच्या खोल्या बदलताना गहाळ झालेला कागद हा त्या ओळीचा उतारा. कागद गेला तरी ओळ जागच्या जागी राहते आणि तिचा उतारा पुन्हा मागता येतो, हवा तितक्या वेळा. ती ओळ कोणत्या पुस्तकात आहे हेच ठाऊक नसले किंवा ती मुळात लिहिलीच गेली नसली, की मात्र खरी अडचण सुरू होते. सिंधुदुर्गात या दोन्ही अडचणी घरोघरच्या आहेत. त्यांची कारणे इथल्या बाळंतपणांच्या रीतीत, चाकरमान्यांच्या येण्याजाण्यात आणि जिल्ह्याच्या बदलत गेलेल्या सीमांमध्ये आहेत.

आजची नोंदणी ‘जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९’ या केंद्रीय कायद्याने चालते. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. गावात निबंधकाचे काम ग्रामसेवक करतो. अलीकडे या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या शहरांत ते काम नगरपरिषदेकडे आहे. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत खबर द्यायची असते. घरी जन्म झाला तर ती कुटुंबप्रमुखाने द्यावी आणि दवाखान्यात झाला तर तिथल्या प्रमुख डॉक्टरने, असा कायद्याचा दंडक आहे. खबरीच्या फॉर्मला ‘नमुना १’ म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. एक सांख्यिकीसाठी वर जातो. दुसरा, कायदेशीर माहितीचा, निबंधकाकडे राहतो आणि त्यातूनच नोंदवही तयार होते. खबर देणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो नोंद झाल्यापासून सात दिवसांत देणे निबंधकावर बंधनकारक झाले आहे.

या २१ दिवसांत आणि घरातल्या रीतीत एक छोटी फट राहते. बाळाचे नाव ठरते बाराव्या दिवशी बारशाला, काही घरांत त्याहूनही उशिरा. दवाखान्याचा फॉर्म मात्र आईला घरी सोडण्यापूर्वीच भरला जातो. नावाचा रकाना कोरा राहतो आणि दाखल्यावर आईबापांची नावे, तारीख, लिंग, ठिकाण एवढेच उमटते. अशी नोंद पूर्णपणे कायदेशीर असते, फक्त तीत मुलाचे नाव नसते. कायद्याच्या १४ व्या कलमानुसार ते नाव नंतर घालता येते: नोंदणीपासून वर्षभर काहीही शुल्क न देता, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १५ वर्षे उलटून गेलेल्या जुन्या नोंदींसाठी सरकारने वेळोवेळी खास मुदती दिल्या आहेत. बारसे झाल्यावर त्याच आठवड्यात निबंधकाकडे जाऊन नाव घालून घेणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सोपे काम आहे, आणि सर्वांत जास्त राहून जाणारेही. दहावीनंतर मुलाच्या हातात नाव नसलेला दाखला असतो आणि शाळेच्या दाखल्यावरचा ‘अमुक’ तो हाच, हे सिद्ध करीत बसावे लागते.

नाव लिहिण्याची रीतही बदलली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवला आहे. वडिलांचे नाव सांगायचे नसेल, अशा अविवाहित आईलाही मुलाचा दाखला नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये तसा स्पष्ट निर्णय दिला असून आईचे प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसे मानले आहे.

दाखला कशाकशाला लागतो, याचे उत्तर जन्मतारखेवर अवलंबून आहे, आणि गावोगाव याबद्दल बराच गोंधळ आहे. २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालेल: शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, सगळीकडे. त्याआधी जन्मलेल्यांवर ही सक्ती नाही. त्यांच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र असे पर्याय बहुतेक ठिकाणी आजही चालतात. पासपोर्टचा नियम मधल्या काळात दोनदा फिरला. पूर्वी २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखला अनिवार्य होता. डिसेंबर २०१६ मध्ये ती अट काढून इतर कागद मान्य झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत पासपोर्ट नियम या दुरुस्तीशी जुळवून घेतले गेले आणि १ ऑक्टोबर २०२३ हीच तारीख तिथेही आली. मालवण-देवगडचा मुलगा बोटीवर नोकरीला निघतो तेव्हा त्याला पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) दोन्ही काढावे लागतात, आणि दोन्हींवरची जन्मतारीख नि नावाचे स्पेलिंग अक्षरशः एक असावे लागते. दाखला शोधायची आठवण अनेक घरांना तेव्हाच होते.

मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडायचे किंवा लेक लाडकी योजनेचा अर्ज करायचा तर दाखला आधी काढून ठेवावा लागतो. शाळेच्या बाबतीत मात्र आईबापांना एक हक्क माहीत हवा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मूल आधी वर्गात बसले पाहिजे, कागद मागाहून आला तरी चालतो. आधार कार्डावर जन्मतारीख छापलेली असते, म्हणून पुष्कळ जण तेच दाखवतात. पण ते ओळखीचे कार्ड आहे. वय ठरवताना आधारवरच्या तारखेवर भिस्त ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले आहे.

आता नोंद शोधण्याकडे. इथे एकच नियम पक्का धरावा: जन्म जिथे झाला, तिथेच नोंद होते. घर कुठे आहे, रेशनकार्ड कुठले आहे, वडील नोकरीला कुठे होते, याला महत्त्व नाही. सिंधुदुर्गातल्या कुटुंबांना हा नियम वारंवार चकवतो. समजा, लग्न होऊन परळला गेलेली बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आचऱ्याला आली. मूल माहेरी झाले, तीन महिन्यांनी आई त्याला घेऊन मुंबईला परतली, शाळा मुंबईत झाली. चाळीस वर्षांनी तो माणूस महापालिकेच्या कार्यालयात नोंद शोधतो आणि ती सापडत नाही. सापडणार कशी? तिचे पुस्तक आचऱ्याला, ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. दुसऱ्या टोकाला गोव्यातले बांबोळी आहे. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतली अवघड बाळंतपणे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात जातात. तिथे जन्मलेल्या मुलाचा दाखला गोव्यातून घ्यावा लागतो, गावची ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही हेच: कट्टा गावच्या बाईचे बाळंतपण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात झाले तर नोंद ओरोसच्या हद्दीत शोधायची. घरात कोणी वडीलधारे माणूस असेल तर त्याला आधी एकच प्रश्न विचारावा, बाळंतपण नेमके कुठे झाले? आईला दवाखान्यातून सोडल्याचा कागद मिळाला तर अर्धे काम झाले.

जन्मस्थळाचा जिल्हा कोणता लिहायचा, हाही इथे वरचेवर पडणारा पेच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीचे मालवणचे सगळे जुने दाखले ‘जिल्हा रत्नागिरी’ असे म्हणतात. सावंतवाडीकडे आणखी एक थर आहे. तिथे १९४८ पर्यंत संस्थान होते. विलीनीकरणानंतर तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात आला. दोडामार्ग तालुका झाला १९९९ मध्ये. म्हणजे आजच्या दोडामार्ग तालुक्यातल्या एखाद्या गावात १९४६ साली जन्मलेली बाई संस्थानात जन्मली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावंतवाडी तालुक्यात वाढली, सिंधुदुर्ग जिल्ह्यात नातवंडांची आजी झाली आणि आता दोडामार्ग तालुक्यात राहते. ती गावातून कुठेही हललेली नाही. अशा वेळी घाबरू नये. गावाचे नाव जुळले, की जिल्ह्यातला फरक जिल्हा विभाजनाच्या आधाराने सहज समजावून देता येतो. कुडाळ, कणकवली, देवगड-जामसंडे यांसारख्या ठिकाणी पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे; तिथे जुन्या ग्रामपंचायतीची पुस्तके आता कोणाच्या ताब्यात आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

पुस्तक कुठे आहे हे कळले, की दुसरी प्रत मिळवणे फार अवघड नाही. निबंधकाकडे अर्ज द्यायचा. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, जन्मतारीख, ठिकाण आणि माहीत असेल तर नोंदणी क्रमांक लिहायचा. कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नोंदवहीत शोध घ्यायला सांगण्याचा आणि उतारा मागण्याचा अधिकार कोणालाही आहे. त्यामुळे मुंबईत किंवा मस्कतला असलेल्या माणसाने स्वतःच यायला हवे असे नाही. गावातला भाऊ, चुलता, शेजारी अर्ज देऊ शकतो. हे ठाऊक नसल्याने कित्येक चाकरमानी गणपतीच्या सुटीत हे काम ठेवतात. त्याच दिवसांत कार्यालये बंद असतात आणि दोन-तीन गावांचा भार असलेला ग्रामसेवक नेमका दुसऱ्या गावी असतो. जून-जुलैत घरच्या माणसाकडून अर्ज देऊन ठेवला, तर गणपतीला दाखला हातात पडतो. प्रतीचे शुल्क नाममात्र आहे. जन्माचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. किती दिवसांत आणि किती शुल्कात तो मिळायचा, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असायला हवे. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि विनाकारण दिरंगाई करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच घेतलेली असली तरच हा हक्क वापरता येतो, म्हणून पोच मागायला संकोच करू नये.

नव्या दाखल्याला ‘नमुना ५’ म्हणतात. तो मराठी-इंग्रजी असतो, संगणकावरून निघतो आणि त्यावर क्यूआर कोड असतो. जुना हाताने लिहिलेला, गोल शिक्क्याचा दाखला कायद्याने रद्द झालेला नाही. तरी परदेशी वकिलाती आणि मोठी कार्यालये नवा नमुनाच मागतात. नवी प्रत घेतली की तिचे लॅमिनेशन करू नये. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे कोणताही शिक्का मारता येत नाही.

जुनी पुस्तके चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नोंदी लिहिल्या जातात त्या खबर आली त्या क्रमाने; जन्मतारखेच्या क्रमाने नव्हे. २० डिसेंबरला जन्मलेल्या मुलाची नोंद पुढच्या वर्षीच्या जानेवारीच्या पानावर असणे अगदी स्वाभाविक आहे. खबर उशिरा दिली असेल तर ती आणखी पुढे सरकते. ‘त्या वर्षाच्या पुस्तकात नाही’ असे उत्तर आले तर मागचे-पुढचे वर्ष पाहण्याची विनंती करावी. शोध वडिलांच्या नावावरून घ्यावा, कारण मुलाचे नाव तिथे असेलच असे नाही. आणि घरात सांगितली जाणारी तारीख चुकीची असू शकते. राज्यभर असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी वर्षाचा अंदाज करून जूनची पहिली तारीख लिहून टाकत. जन्माच्या पुस्तकातली तारीख मग भाद्रपदातली किंवा शिमग्याच्या दिवसांतली निघते.

१९७० च्या आधीच्या नोंदी महसुली दप्तरात मिळतात. गावचा जन्म-मृत्यूचा तक्ता ‘गाव नमुना १४’ म्हणून ओळखला जाई. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ती पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. त्यातले एखादे पान पाहण्यासारखे असते. पिवळट, कडांना वाळवीने खाल्लेला जाड कागद, उभ्या रेघा बोरूने ओढलेल्या, तारीख, बापाचे नाव, जात, वाडी, आणि मुलाच्या रकान्यात पुष्कळदा फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आणखी मागे गेले की अक्षर मोडी होते, आणि मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा लागतो. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ नंतर ही पुस्तके एकाएकी सगळ्यांच्या बोलण्यात आली. पण जातपडताळणीसाठी आणि वयाच्या पुराव्यासाठी जाणकार माणसे ती आधीपासूनच पाहत आली आहेत. कोकणच्या दमट हवेत हा कागद दरवर्षी थोडा थोडा झिजतो. ज्यांना आजोबांची ओळ हवी आहे त्यांनी ती आजच काढून तिची प्रमाणित प्रत घ्यावी, हे कळकळीने सांगावेसे वाटते. ख्रिस्ती कुटुंबांना आणखी एक आधार आहे: चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंदवही. सरकारी नोंद नसेल तेव्हा ती भक्कम पुरावा ठरते.

नोंद सापडली, पण चूक निघाली, तर १५ वे कलम उपयोगी पडते. निबंधक मूळ अक्षर खोडत नाही. तो समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख घालतो. चुकीचे आणि बरोबर दोन्ही पुढच्या वाचणाऱ्याला दिसत राहतात. सर्वांत जास्त चुका इंग्रजी स्पेलिंगच्या. देवनागरीत ‘गावकर’ एकच. रोमन अक्षरांत ते बापाच्या पासपोर्टवर एक, मुलाच्या दाखल्यावर दुसरे आणि शाळेच्या पुस्तकात तिसरे होते. अशा दुरुस्तीसाठी आईबापांची ओळखपत्रे आणि शाळेचा दाखला जोडतात. लग्नानंतर बदललेले नाव मात्र जन्माच्या दाखल्यात घालता येत नाही आणि घालायची गरजही नसते. जन्माच्या दाखल्यावर माहेरचे नाव, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावे, असा दुवा जोडला की पुरते. राजपत्रात नाव बदलून घेतले तरी जन्माची ओळ त्यामुळे आपोआप बदलत नाही.

नोंद मुळीच नसेल तर निबंधक ‘नमुना १०’ मध्ये अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र देतो. उशिराच्या नोंदणीची ही पहिली पायरी. ३० दिवसांपर्यंतचा उशीर विलंब शुल्कावर भागतो. एक वर्षाच्या आत असेल तर जिल्हा निबंधकाची किंवा तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा. पूर्वी हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जाई. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, व्यवहारात तहसील कचेरीत, जातो. २०२४ च्या अखेरीस राज्यात खोट्या कागदांवर असे दाखले काढल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने ही कार्यपद्धती कडक केली. छाननी वाढली हे योग्यच झाले. पण तिचा भार ज्यांच्यावर सर्वांत जास्त पडतो, त्या बहुतेक म्हाताऱ्या बायका आहेत. सुईणीच्या हाताने वाडीतल्या घरात जन्मलेल्या, शाळेचा उंबरठा न पाहिलेल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या. त्यांच्याकडे ना जन्माची ओळ असते, ना शाळेची. त्यांच्यासाठी पुरावा आजूबाजूने गोळा करावा लागतो: मागच्या-पुढच्या भावाची शाळेतली नोंद, माहेरच्या गावचा नमुना १४, जुनी मतदार यादी, जुने रेशनकार्ड. आदेश मिळाल्यावर निबंधक नोंद करतो. तीत जन्मतारीख जुनी आणि नोंदणीची तारीख आजची, दोन्ही दिसतात. त्यामुळे वादाच्या प्रसंगी अशा नोंदीपेक्षा जन्माच्या वेळी झालेल्या नोंदीला जास्त वजन मिळते. पैसे घेऊन ‘आठवड्यात दाखला’ देणाऱ्या दलालाच्या नादी लागून खोटी माहिती दिली, तर दाखला रद्द होतो आणि खटलाही होऊ शकतो.

परदेशी असलेल्या कुटुंबांना दोन गोष्टी लागतात. इथला दाखला तिकडे दाखवायचा असेल तर राज्य शासनाकडून तो साक्षांकित करून परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल घ्यावे लागते; त्याच्या कराराचे सदस्य असलेल्या देशांत ते चालते, इतर देशांसाठी त्या त्या वकिलातीचा शिक्का लागतो. आणि मूल तिकडेच जन्मले असेल तर आईबापांनी भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत त्याच्या जन्माची नोंद करावी. नागरिकत्व कायद्याने ती मुदत घातली आहे. तिकडे नोंद राहून गेली आणि कुटुंब कायमचे गावी परतले, तर भारतात पाऊल ठेवल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे नोंद करता येते. त्यानंतर उशिराच्या नोंदणीचे नियम लागू होतात.